मासे जगतील एवढाच मुलामा

बापूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीला कंपन्यांच्या बसगाड्यांमागे अडकलो होतो. "निघालोच," मी म्हणालो. मामी म्हणाली, "सावकाश ये. त्यांना आता घाई नाही." सदाशिव पेठेत दुःखसुद्धा नेमक्या शब्दांत सांगतात...

मामांचा भोसरीत छोटा कारखाना. लोखंडी सुट्या भागांवर निकेलचा मुलामा द्यायचा. त्यातून निघणारं पाणी विषारी. ते शुद्ध करायची यंत्रणा होतीच, पण शुद्ध झालेलं पाणी ओढ्यात सोडण्याआधी मामा ते एका काचेच्या टाकीतून नेत. टाकीत पाच मासे. मासा मेला की काम बंद. गिऱ्हाइकं विचारायची, "हौस वाटतं?" मामा म्हणायचे, "छे, हे आमचे इन्स्पेक्टर. चहासुद्धा घेत नाहीत."

मी भाचा आणि भागीदार, म्हणजे सह्या करणारा. एकदा मामा गावाला गेले असताना, मोठ्या ऑर्डरच्या ऐन शेवटच्या दिवशी, दोन मासे मेले. मी काम थांबवलं नाही. त्याच रंगाचे दोन विकत आणून सोडले. मामा परतले, टाकीसमोर स्टुलावर बसले. "हे दोन पाहुणे कुठले?"

"तेच आहेत की."

"माझे मासे मी बसलो की पुढे येतात. हे मागे पळताहेत. त्यांचंही बरोबर आहे, त्यांनी आधी तुला पाहिलंय."

तीन दिवस काम बंद राहिलं. अशानं धंदा वाढायचा कसा, म्हणून मी वाद घातला. मामा म्हणाले, "वाढव ना, कोण नको म्हणतंय? काम दुप्पट घे, पण आधी शुद्धीकरण दुप्पट कर. ओढ्याच्या खालच्या अंगाला माणसं राहतात. ती काही काचेमागे दिसत नाहीत."

मामांना जाऊन महिना झाला आणि त्या मोठ्या ऑर्डरचंच गिऱ्हाईक दुप्पट काम घेऊन आलं, सोमवारपासून सुरू करायचं. 'हो' माझ्या ओठांवर होतं. म्हणालो, "दोन महिने थांबा. आधी दुसरी यंत्रणा बसवतो."

"अहो, मामा तर गेले."

"मामा गेलेत. मासे आहेत."

गिऱ्हाईक दुसरीकडे जाईलही. जाऊ दे. यंत्रणेचं काम कालच सुरू केलंय. सकाळी टाकीसमोरच्या त्या स्टुलावर आता आमचे जुने कारागीर रसूलभाई बसतात. मुख्य स्विचची किल्ली मी त्यांच्याकडे दिली. "मासा मेला तर आधी वीज बंद करा. मला विचारायला येऊ नका."

"का हो, दादा?"

"विचारलंत तर मी म्हणेन, आजचा दिवस काढू."

रसूलभाईंनी किल्ली खिशात टाकली. "ते माहीत आहे," म्हणाले.