बंबमामाने भट्टी थंड केली

बाटल्यांच्या त्या कारखान्यात त्याला नावाने हाक मारणारा माणूस शोधून सापडला नसता. सारखा आगीसमोर उभा राहून चेहरा कायमचा तांबूस झालेला, जवळ गेलं तर थंडीतही ऊब लागायची. कुणीतरी बंबमामा म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. घरी बायको रागात असली की तीही 'अहो बंब' म्हणायची. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. उलट बंब पेटतो तेव्हाच घरादाराच्या अंघोळी होतात, असं तो छाती पुढे काढून सांगायचा.

गर्व होता त्याला, आणि का नसावा? निळा चष्मा चढवून भट्टीच्या पोटाला असलेल्या भोकातून आत डोकावायचा आणि नुसत्या रंगावरून सांगायचा, काच अजून कच्ची आहे की ओतायला झाली. हे काम खरं काम, बाकीची सगळी हमाली, असं तो उघड म्हणत नसे, पण मनात पक्कं होतं.

आता काचेच्या भट्टीची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ती विझवायची नसते. चूल नव्हे ती, की जेवणं झाली आणि पाणी मारलं. आत वितळलेल्या काचेचं तळंच असतं. ते जागच्या जागी गोठलं तर भट्टीच्या विटांना सोबत घेऊन फुटतं, आणि मग नुसती भट्टी नाही, कारखानाच गेला म्हणून समजा. त्यामुळे सुट्टी असो, पूर येवो, कुणाचं लग्न असो, भट्टी पेटलेलीच.

संपातसुद्धा. युनियनचा तसा जुना नियमच होता. संप झाला तरी भट्टीवरची चार माणसं कामावर जाणार आणि त्यांचा पगार गेटसमोरच्या संपकऱ्यांच्या स्वयंपाकाला देणार. म्हणजे मालकाच्याच पैशाने मालकाविरुद्ध ओरडणाऱ्यांचं जेवण शिजायचं! थोरले मालक होते तोवर त्यांनीही हे हसून चालवून घेतलं. फक्त मामाला एक गोष्ट खुपायची. बाहेर घोषणा, गाणी, भांडणं, चेष्टामस्करी, आणि हा आत आगीशी गप्पा मारत बसलेला. युनियनचा एवढा जुना सभासद, पण संप कसा असतो ते त्याला ऐकूनच माहीत.

मग थोरले गेले आणि धाकटे साहेब खुर्चीवर आले. माणूस वाईट नव्हता बरं का. शिपायालाही अहो-जाहो करायचे, कँटीनमध्ये रांगेत उभे राहायचे. पण प्लॅस्टिकच्या बाटलीने गिऱ्हाईक पळवलेलं, भट्टीचं तेल महागलेलं. साहेबांनी हिशेब मांडला आणि ठरवलं की तपासणी खातं कंत्राटावर द्यायचं.

तपासणी खात्यात सगळ्या बायका. पट्ट्यावरून आलेली बाटली दिव्यासमोर धरायची, तडा किंवा बुडबुडा दिसला की बाजूला टाकायची, दिवसभर हेच. आता त्या कंत्राटदाराच्या होणार होत्या. पगार निम्मा, आणि उद्या येऊ नको म्हटलं की घरी बसायचं. त्या बायकांत मामाची बायको होती. युनियनचा सेक्रेटरी म्हणजे तिचाच धाकटा भाऊ, मामाचा मेहुणा. संप झाला यात नवल ते काय?

बोलणी ठरली तेव्हा मेहुण्याने मामालाही नेलं. "भाऊजी, तुम्ही नुसते बसा. तुम्ही बसलात की वजन पडतं."

ऑफिसात लांबलचक टेबल होतं आणि त्यावर प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. प्लॅस्टिकची! काचेच्या कारखान्यात! मामाच्या ते डोक्यातच गेलं.

"मला एक समजावून सांगा," धाकटे साहेब शांतपणे म्हणाले. "मामांचं काम शिकायला जन्म जातो. बाटलीतला तडा बघायला कुणीही महिन्याभरात शिकतं. दोघांनाही सारखंच कायम ठेवायचं, याला तुम्ही न्याय म्हणता? ज्याचं काम मोलाचं त्याला जास्त, हा न्याय. भट्टीवाल्यांना मी आजच वाढ देतो. मागाल त्याहून जास्त."

"काम सोपं असेल साहेब," मेहुणा म्हणाला, "पण भूक कुणाची सोपी नसते. आणि मोल ठरवणार कोण? एकटे तुम्ही?"

"जोखीम माझी आहे. कारखाना बुडाला तर मी बुडेन."

"तुम्ही बुडालात तरी घर उरेल तुम्हाला. आमचं काय उरेल?"

साहेबांनी हात पसरले. "मग चालवा संप, खुशाल चालवा. भट्टी पेटलेली आहे तोवर मला घाई नाही. आज ना उद्या माणसं आत येतील आणि काच तयारच असेल. मामा आहेत ना! ते भट्टी विझू देणार नाहीत, हे मी लिहून देतो."

खोटं कशाला बोलू, मामाची छाती वीतभर फुगली. साहेबांचं म्हणणं त्याला अर्धंमुर्धं पटलंही होतं.

घरी आल्यावर त्याने हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्हाला वाढ आणि मला कंत्राट."

"अगं, मी कुठे घेतोय वाढ?"

"घेतली नाहीत हो. पण तो बोलत होता तेव्हा मान डोलावलीत का?"

मामाने डोलावली होती.

"शहाणे आहात," ती म्हणाली. "तो काय तुमचं कौतुक करत होता? तुम्ही भट्टी विझू देणार नाही, म्हणून तर तो निवांत आहे. आम्ही बाहेर ओरडून घसा फोडायचा आणि तुम्ही आत त्याच्यासाठी काच गरम ठेवायची. संप मोडायला त्याला गुंड लागत नाहीत. माझा नवरा पुरतो."

"जिभेला काही हाड? आणि विझवली, विटा फुटल्या, पुन्हा पेटलीच नाही तर? तुझं काम, माझं काम, सगळ्यांचंच गेलं!"

"माझं तर गेलंच आहे."

रात्री मामा भरल्या ताटावरून उठला. बायकोने त्याला बस म्हटलं नाही.

सकाळी गेटवर जाऊन त्याने मेहुण्याला सांगून टाकलं, "भट्टी रिकामी करतो."

तशी रीत असते. तळाचं बूच काढून काच बाहेर सोडायची आणि मग हळूहळू, दिवसेंदिवस ताप उतरवत न्यायचा. विटा बदलायच्या म्हणून मामाने आजवर दोनदा ते केलंही होतं. पण तेव्हा नव्या विटा दारात येऊन पडलेल्या असायच्या. या वेळी जुन्याच विटा टिकल्या तर टिकल्या.

मेहुण्याला घाम फुटला. "भाऊजी, पेटली नाही ना, तर लोक मला जोड्याने मारतील."

"आधी मला मारतील. तू माझ्या मागे उभा राहा."

गेटवरच सभा झाली. हात वर करायला सांगितल्यावर तपासणीवाल्या बायकांचे हात आधी वर गेले. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. मग भट्टीवरच्या तिघांनी वर केले, आणि ते बघून बाकीच्यांनीही केले.

चोरून काही करणं मामाच्या रक्तात नव्हतं. तो तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेला. "दुपारी बूच काढतोय साहेब. नीट काढीन, भट्टीला त्रास होऊ देणार नाही. बोलायचं असेल तर सकाळ तुमच्या हातात आहे."

साहेब हसले. "मामा, तुम्ही? तुमच्याने होणार नाही ते."

"तेच मलाही बघायचंय," मामा म्हणाला आणि निघाला.

दुपारी त्याने लांब सळईने बूच फोडलं. नारिंगी धार बाहेर आली आणि खालच्या पाण्याच्या खड्ड्यात पडून तडतडा फुटायला लागली. वाफेने सगळं खातं भरून गेलं. साहेब धावत आले, टाय खांद्यावर उडालेला, तोंड पांढरं पडलेलं.

"थांबवा! मामा, ही भट्टी माझ्या वडिलांनी बांधली!"

"आणि मी जगवली. म्हणून मलाच थंड करावी लागतेय."

"एका खात्यासाठी सगळा कारखाना पणाला लावताय तुम्ही!"

"कालपर्यंत मीही तसंच म्हणालो असतो," मामा म्हणाला. "माझं काम मोठं, बायकोचं काय, बाटल्याच तर बघते. पण आज ती 'कुणीही' झाली, उद्या माझ्या जागी यंत्र आणलंत की मीही 'कुणीही'च. तुम्हाला वाटलं, या म्हाताऱ्याचा भट्टीत जीव आहे, याला दावणीला बांधायची गरज नाही. बरोबर होतं तुमचं. जीव आहेच." साहेब वाफेकडे बघत उभे राहिले.

ताप उतरवायला मामा रोज आत जायचा. पण काम झालं की बाहेर यायचा, आणि ताट हातात घेऊन रांगेत उभा राहायचा. पहिल्या दिवशी कुणीतरी ओरडलं, "या, या! आज बंब गार!" सगळे खो-खो हसले, मामाही हसला. मेहुण्याने त्याला दोनदा वाढलं. घोषणा देताना त्याचा ताल चुकायचा आणि बायका त्याला चिडवायच्या. संपात एवढी मजा असते हे इतकी वर्षं कुणी सांगितलं कसं नाही, असं तो ज्याला-त्याला विचारत सुटला होता.

भट्टी गार पडत गेली तशी साहेबांची निवांतीही गेली. गिऱ्हाइकं फोन करायला लागली, आणि भट्टीत काच तयार आहे असं सांगायची सोय राहिली नाही. शेवटी पुन्हा बोलणी झाली. साहेबांनी सोडलं, युनियननेही सोडलं. तपासणी खातं कायम राहिलं. बदल्यात सगळ्यांची पगारवाढ वर्षभर पुढे गेली. भट्टीवाल्यांना देऊ केलेलं खास घबाड तर हवेतच विरलं. मामाने त्याचं नावही काढलं नाही.

"पण पेटेल ना?" साहेबांनी विचारलं. त्या आवाजात मालक कमी आणि पोरगा जास्त होता.

"आत जाऊन विटा बघू द्या, मग सांगतो," मामा म्हणाला.

आत जाण्याइतकी भट्टी निवली त्या दिवशी सगळे कामगार दारापाशी गोळा झाले. पेटणार की कारखान्याला कुलूप लागणार, ते त्या विटांवरच होतं. मामाने हातोडी घेतली, बॅटरी घेतली आणि बायकोला म्हणाला, "चल."

"मी? इकडे आम्हाला कधी पाय ठेवू देत नाहीत."

"आज ठेव."

दोघं वाकून आत शिरली. पायाखाली काचेचा पातळ थर करकरत होता. मामा एकेका विटेवर हातोडीने टकटक करायचा, कान लावायचा, पुढे सरकायचा. एका कोपऱ्यातल्या काही विटा गेल्या होत्या, पण त्या बदलता येण्याजोग्या होत्या. चारी भिंती त्याने अशाच पुऱ्या केल्या. मग हातोडी खाली ठेवून हळूच म्हणाला, "पेटेल."

बायको बॅटरी फिरवत इकडेतिकडे बघत होती. "एवढीशीच?"

"एवढीशी म्हणजे?"

"आपल्या दोन खोल्यांएवढीही नाही की हो! मला वाटायचं, केवढी थोरली सवत आहे माझी."

मामा हसायला लागला. हसता हसता कधी रडायला लागला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तिथेच काचेच्या चुऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. किती भ्यालो होतो मी, किती भ्यालो होतो, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बायकोने त्याला उगी केलं नाही. भिंतीला तळवा लावून ती म्हणाली, "अजून कोमट आहे." मग त्याच्या पाठीवर तोच हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली.

बाहेरून मेहुण्याचा आवाज आला. "भाऊजी! काय ते सांगा लवकर, इथे लोकांचे प्राण कंठाशी आलेत!"

मामाने बाहीने तोंड पुसलं. "तू सांग जा," तो बायकोला म्हणाला.

"मी? भट्टीतलं मला काय कळतं?"

"तुझ्यासाठी गार केली. तूच सांग."

ती पदर सावरून वाकली, दारातून बाहेर गेली, आणि तिने सगळ्यांना सांगितलं.