सात बाटल्यांचा एकच रंग

नव्वदच्या दशकातली ती दुपार अजून स्वप्नासारखी डोळ्यांपुढे तरंगते. सुरतेत पांडेसऱ्याजवळच्या ठाण्यात मी इन्स्पेक्टर होतो. शिपाई म्हणून भरती होऊन, कोणाच्या चिठ्ठीशिवाय तिथवर पोचलो होतो. वरिष्ठांशी घासाघीस करून स्टाफसाठी आरोग्य शिबिरही मीच मिळवलं. ठाण्यामागच्या शेडमध्ये टेबलं लागली. डाइंग मिलची वाफ उन्हात लोंबकळत होती. नाल्याचं पाणी त्या दिवशी गुलाबी होतं.

लघवी तपासणारे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, तमारो आखो स्टाफ जोडिया भाई छे?" सगळे जुळे भाऊ आहेत का, असं विचारत होते.

खिडकीत सात बाटल्या. ऊन आरपार जात होतं आणि सातही एकाच झळझळीत पिवळ्या रंगाच्या. ताकदीच्या गोळ्यांनी असा रंग येतो, डॉक्टर म्हणाले.

गोळ्या खाणारा आमच्याकडे एकच, पहिलवान शिपाई. त्याला बोलावलं.

"गोळ्या किती खातोस?"

"सकाळी एक, साहेब."

"आणि बाटल्या किती भरल्यास?"

"पाणी लई प्यायलो होतो, साहेब."

गैरहजर माणसाच्या नावाला दुसऱ्यानं 'हाजर' म्हणायचं, ही आमच्या हजेरीची जुनी सवय. तीच बाटल्यांत उतरली होती. पहिली बाटली कोणासाठी, विचारलं. त्यानं आमच्या जमादारांचं नाव घेतलं.

जमादार खानदेशातले, लिंबायतच्या बीटवर पंधरा वर्षं गस्त घालत होते. मी खूप ओरडलो. मग चहा मागवला. कप तसाच राहिला.

"साखर आहे त्यात, साहेब," ते हळूच म्हणाले. म्हणजे मधुमेह; त्यात पाय बधिर होतात, हे मी ऐकून होतो.

"जमादार, बूट काढा."

बुटाच्या तळातून खिळा वर आला होता. मोजा रक्तानं काळा पडलेला. ते स्वतःच्या पायाकडे परक्याच्या पायाकडे बघावं तसं बघत होते.

"कापसावर चालल्यागत वाटतं. गल्लीतून तरंगत जातो."

"मग लपवलंत का?"

"अनफिट लिहिलं की हेडक्वार्टरच्या फाटकावर बसवतील. बीट गयी ते मी बी गया, साहेब."

तपासणीमुळे कोणाची बीट जाणार नाही, असं वरिष्ठांनी शिबिर ठरवतानाच मला तोंडी कबूल केलं होतं. त्या भरवशावर मी जमादारांना शब्द दिला. त्यांनी स्वतःची बाटली दिली. उपचार सुरू झाले, पाय वाचला. आठ दिवसांत जमादारांच्या हेडक्वार्टरला बदलीचा हुकूम आला. मी वरिष्ठांच्या केबिनमध्ये जाऊन आवाज चढवला. "लेखी काही आहे का?" त्यांनी शांतपणे विचारलं. तो प्रश्न मी अजून माफ केलेला नाही.

पुढच्या शिबिराला आमच्यातला एकही फिरकला नाही. रजिस्टरप्रमाणे सगळे बंदोबस्तावर होते.

आमिष दाखवून घेतलेला कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे मी नव्या फौजदारांना शिकवत असे. आजाराची कबुली घेतानाही समोरच्याचं काय जाणार आहे ते आधी विचारावं, आणि ते वाचवणं आपल्या हातात नसेल तर स्पष्ट सांगावं. मी सांगितलं नाही. जमादारांनी निघताना कडक सॅल्यूट ठोकला, पण माझ्याकडे पाहिलं नाही.