शेवंतावहिनी आणि आयत्या वेळचे विषय

शेवंतावहिनींच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला एक शिट्टी असायची. काळ्या दोरीत ओवलेली, साधी, पत्र्याची. शारजातल्या एका भारतीय शाळेच्या बसवर त्या मावशी होत्या. मुलांना चढवायचं, उतरवायचं, रस्ता ओलांडून द्यायचा, हे त्यांचं काम, आणि त्यासाठी ती शिट्टी. पण सुट्टीच्या शुक्रवारीसुद्धा ती गळ्यातून उतरत नसे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका साखरपुड्यात. जांभळी पैठणी, नाकात नथ, आणि त्याखाली शिट्टी. मी शेजारच्या बाईंना हळूच विचारलं, "या पोलिसात आहेत का हो?" हळूच म्हणजे आपलं माझ्या मते. वहिनींनी तिथूनच मान वळवली.

"नाय गो बाय. पोलीस गुन्हो झाल्यार शिट्टी मारतत. मी आधी मारतंय."

त्या वेळी मी कोण होते हे सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मी साताऱ्याची, बी.कॉम., नव्यानेच आखातात आलेली. केसांचा बॉब केला होता. तो मला चांगला दिसतो असं मला सोडून कुणालाच वाटत नव्हतं. उंच टाचांचे सँडल घालून मी भाजी आणायला जायची आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरून मोठ्याने म्हणायची, "एक दिरहम? म्हणजे अकरा रुपये!" मल्याळी दुकानदार दरवेळी नव्याने वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा. अशी ही मी, हेदखोल ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षांची पत्नी आणि मंडळाची एकमेव महिला प्रतिनिधी. प्रतिनिधी म्हणजे चहा करायचा आणि फोटोत मधे उभं राहायचं.

हेदखोल हे आमच्या ह्यांचं गाव. कोकणातल्या डोंगराच्या बेचक्यात बसलेलं, नकाशात शोधायला गेलात तर डोळे दुखतील एवढं. गावातले बहुतेक धडधाकट पुरुष आखातात. कुणी जबल अलीच्या बंदरात, कुणी रुवैसच्या रिफायनरीत, कुणी कुठल्या कुठल्या साइटवर. गावाला रीतसर निवडून आलेली ग्रामपंचायत होती, पण गाव चालायचं शारजातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमधून. पैसा इकडून जायचा, म्हणून हुकूमही इकडूनच जायचा. त्या सुमारास सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि माझी मोठी जाऊ सरपंच झाली. ती दर गुरुवारी फोन करून ह्यांना विचारायची, "भावजी, सही खय करू?" हे कुठे ते सांगायचे. मला त्यात काहीच वावगं दिसत नसे. उलट माझा नवरा शारजात बसून गाव चालवतो याचा मला केवढा तोरा.

महिन्यातून एका शुक्रवारी दुपारी सभा भरायची. आधी देवाला गाऱ्हाणं, मग मागच्या सभेचं इतिवृत्त, मग विषय, आणि शेवटी आयत्या वेळचे विषय. चारच्या सुमाराला खाली जबल अलीच्या कंपनीची बस येऊन हॉर्न वाजवायची, की निम्मी सभा चपला शोधायला लागायची. बस चुकली तर कॅम्पवर पोचायला टॅक्सी, आणि टॅक्सी म्हणजे दोन दिवसांची मजुरी. त्यामुळे आयत्या वेळचे विषय नेहमी आयत्या वेळीच राहून जायचे.

वहिनींचा विषय तिथे होता. वर्षभर तिथेच होता.

हेदखोलची शाळा व्हाळाच्या पलीकडे. व्हाळ म्हणजे ओढा, पण पावसाळ्यात त्याला ओढा म्हणायची हिंमत कुणी करू नये. चार महिने पलीकडची शाळा म्हणजे परदेश. त्यावर एक साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल, बांधा, एवढंच वहिनींचं मागणं. त्या स्वतः चौथीत असताना असाच पाऊस लागला, घरी बसवलं, आणि पुन्हा पाटी हातात आली नाही. "माझी चौथी व्हाळान न्हेली," असं त्या सांगायच्या, एखाद्याने दागिना चोरीला गेल्याचं सांगावं तसं. आता त्यांच्या भावाची मुलगी वैशाली चौथीत जाणार होती. आणि भावाने कळवलं होतं, साकव नसेल तर पोरीला जूनपासून घरी ठेवतो, धाकट्याला सांभाळील.

"एकीची चौथी गेली ती गेली," वहिनी म्हणायच्या. "दुसरीची मी जावक देऊचंय नाय."

पण त्या वर्षी मंडळाचं डोकं कमानीत अडकलं होतं. गावाच्या वेशीवर भव्य कमान, वर माझ्या कैलासवासी सासऱ्यांचं नाव, खाली संगमरवरी पाटीवर देणगीदारांची. नकाशा कुणी काढला म्हणता? मीच. दोन्ही बाजूंना मोर, मधे कलश, आणि मोराच्या पिसाऱ्यात लागणारे दिवे. मोर काढता येत नव्हता म्हणून कॅलेंडरवरून गिरवला होता, त्यामुळे त्याच्या पोटावर एक पुसट बारा तारीखही उमटली होती. प्रत्येक सभेत मी तो कागद उलगडून दाखवायची.

वहिनी एकदा जवळ येऊन निरखून म्हणाल्या, "बरो असा मोर. पोरांका पाठीर घेऊन व्हाळ पार करतलो?"

हॉल हसला. मी रागाने स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या चहात साखर घातली नाही. त्यांनी तो शेवटपर्यंत प्यायला आणि म्हणाल्या, "अध्यक्षीणबायचो च्या, गोड कसो असतलो."

त्यांचे यजमान विश्रामभाऊ बंदरात क्रेन चालवत. ते सभेत कोपऱ्यात बसून असायचे. कुणीतरी त्यांना म्हणालं, "विश्राम, बायकोला जरा आवर." विश्रामभाऊ म्हणाले, "माझी क्रेन चाळीस टन उचलते. त्याच्यापेक्षा जड जमत नाय."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. दर सभेत साकव आयत्या वेळचा, आणि दर सभेत खाली हॉर्न. मार्चच्या सभेत वहिनी आधीच बोलायला उभ्या राहिल्या तर हे म्हणाले, "वहिनी, विषयपत्रिकेप्रमाणे चाललंय. पद्धत असते एक." आमच्या ह्यांचा पद्धतीवर फार जीव. घरात वरणही ते पद्धतीने वाढून घेत.

वहिनी बसल्या. "बरां तर. पद्धतीन," एवढंच म्हणाल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी मोराला हिरवा रंग देत होते.

एप्रिलची सभा वार्षिक. त्या दिवशी कमानीचा ठराव पक्का व्हायचा होता. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, दाराबाहेर चपलांचा डोंगर, आणि टीव्हीच्या कपाटावर देव रवळनाथाची तसबीर हार घालून ठेवलेली. आता गाऱ्हाणं सुरू व्हायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर मोठ्याने मागणं. एकजण पुढे उभा राहून देवाला सगळं सांगतो आणि प्रत्येक वाक्यापाठी बाकीचे एकमुखाने "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्याशिवाय हेदखोलच्या माणसाचं पानही हलत नाही. हा मान नानू गावकरांचा. ते रुवैसला कंपनीच्या मेसमध्ये खानसामा होते. आणि त्या दिवशी नानू आलेच नाहीत. मेसमध्ये कुणी साहेब जेवायला आला म्हणून त्यांची सुट्टी रद्द झाल्याचा फोन आला.

"मग दुसरं कुणीतरी घाला," हे म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेव्हा कळलं की गाऱ्हाणं कुणालाच येत नाही. वर्षानुवर्षं ऐकून प्रत्येकाला फक्त होकारच पाठ. एकाने घसा साफ केला, "बा देवा म्हाराजा" म्हटलं, आणि पुढे काय ते आठवेना म्हणून तोच "व्हय म्हाराजा" म्हणून खाली बसला.

"माझ्या बापाशीचो मान होतो," मागून आवाज आला. "माका येता."

कुजबुज झाली. बाईने गाऱ्हाणं घालायचं? पण जेवण थंड होत होतं, चारची बस डोक्यावर होती, आणि गाऱ्हाण्याशिवाय सभा सुरू करायला आमचे पद्धतशीर अध्यक्षही धजेनात. "घाला वहिनी. लौकर," हे म्हणाले.

वहिनी पुढे आल्या, पदर खोचला, शिट्टी पदराआड सारली आणि हात जोडले. आणि काय तो आवाज. बसच्या मागच्या सीटवरच्या पोराला पुढून दटावणारा आवाज तो.

"बा देवा रवळनाथा, बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही तुझी लेकरां पोटासाठी वाळवंटात इली असत. कोण क्रेनीर, कोण भट्टीपाशी, कोण उन्हात. तेंका सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या बाबलचो व्हिसा अडकलो असा, तो सोडव. जेच्या घरात पाळणो हलना नाय, तेचो हलव. वाकड्या नजरेन बघणाऱ्याची नजर सरळ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सूर चढत चालला होता. मला मालवणी अर्धीच कळायची, पण सगळ्यांबरोबर ओरडायला फार छान वाटायचं. मी हातातली मोराची गुंडाळी उंच करून ओरडत होते.

"आणि येत्या मिरगाआधी व्हाळावर साकव बांधूचो, साकव झाल्याशिवाय कमानीचो दगड हलवूचो नाय, असा ह्या लेकरांनी आज तुझ्यापुढे कबूल केलां असा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. तो मला अजून ऐकू येतो.

वहिनींनी तसबिरीला नमस्कार केला, वळल्या आणि म्हणाल्या, "झाला. पद्धतीन."

हे लालबुंद झाले. "वहिनी, हा ठराव नाही. हे चालणार नाही."

"माका कित्याक सांगतास भावजी?" वहिनींनी तसबिरीकडे बोट केलं. "तेका सांगा. तुमी सगळ्यांनी तेका व्हय म्हटलास. आता नाय म्हणा."

हे खरंच दोन पावलं पुढे गेले. हॉलमधल्या प्रत्येकाची नजर त्यांच्या पाठीवर. इतक्यात कोपऱ्यातून खजिनदारांनी मुद्दा काढला. बाईने घातलेलं गाऱ्हाणं देवाला पोचतच नाही, सबब हे सगळं रद्द. ह्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. दहा-बारा माना हलल्या.

"बरोबर," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "पोचला नाय तर नाय. मग बाबलचो व्हिसा पण पोचूक नाय, आणि पाळणे पण नाय. ठरवा तुमी. अर्धा पोचला असा होवचा नाय."

बाबल म्हणजे आमच्यातला सगळ्यांत गप्प माणूस. साइटवर प्लंबर. व्हिसाची मुदत संपत आलेली, घरी आजारी आई. आजवर सभेत त्याने जेवण वाढा याखेरीज काही म्हटलेलं कुणाला आठवत नव्हतं. तो उठून उभा राहिला. "वहिनीचा पोचला," तो म्हणाला. "पोचूकच होया." मग मागून एक जण, मग दुसरा, ज्याच्या लग्नाला सात वर्षं झाली होती तो. "पोचला, पोचला."

हे खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुढचा विषय."

पुढचा विषय कमानच होता. तो आयत्या वेळच्या विषयांत ढकलला गेला, आणि खाली हॉर्न वाजला.

मे महिन्यात जे जे सुट्टीवर गेले ते सगळे व्हाळात उतरले. बाबलही होता, कारण तोवर त्याचा व्हिसा झाला होता. तो कंपनीने केला हे उघड होतं, पण हे त्याला सांगायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. वहिनी रोज शाळा सुटली की आमच्याकडून गावी फोन लावायच्या. "साकव झालो? कठडो खय असा? कठड्याशिवाय साकव म्हणजे दांडो. माका फसवू नको, मी हयसून शिट्टी मारीन." माझी जाऊबाई सरपंच फोनवर सापडली तर तिला म्हणायच्या, "आणि तू सही खय करू म्हणून इचारू नको. सही जंय करूक होयी थय कर. नाव तुझां असा." पुढच्या गुरुवारी जावेचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हे दोन्ही गुरुवारी फोनजवळ बसून होते.

मिरगाच्या आदल्या आठवड्यात कठडा बसला. वैशाली शाळेत गेली. मंडळाने साकवावर नावांची पाटी लावायचं काढलं, तर वहिनी म्हणाल्या, "पोरां पावसात पळतली काय पाटये वाचतली?" पाटी राहूनच गेली. माझा मोर कपाटाच्या वरच्या फळीवर गेला आणि पुढे झुरळांनी त्याचा पिसारा खाल्ला.

काही वर्षांनी विश्रामभाऊंचं काम संपलं आणि दोघं कायमची गावी निघाली. विमानतळावर वहिनींनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली. मी म्हटलं, "अहो, मी काय करू हिचं?"

"तुका बोलूचा धाडस नाय गो सुलभा," त्या म्हणाल्या. "निदान फुक तरी."

मी रागावले. तेव्हा मी खूप रागवायची.

त्यानंतर दोन वर्षांनी, नेमक्या सभेच्या शुक्रवारी, सकाळी फोन आला. शेवंतावहिनी गेल्या, झोपेतच. वैशाली तेव्हा दहावीला होती. दुपारी सभा भरली. हे उभे राहिले आणि पद्धतीप्रमाणे म्हणाले, "सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहावी."

सगळे उभे राहिले. माना खाली. पंखा फिरत होता. मी त्या शांततेत उभी होते आणि मला ती शांतता पटेना. ज्या बाईला ह्याच हॉलमध्ये वर्षभर गप्प बसवायला बघितलं, तिला शेवटी आपण देणार काय, तर गप्पपणाच?

मी खुर्चीला अडकवलेल्या पर्समध्ये हात घातला. शिट्टी तोंडाला लावली आणि पोटातून जेवढं बळ होतं तेवढं फुंकली.

खजिनदारांच्या हातातला पेला पडला. शेजारच्या फ्लॅटचं दार उघडल्याचा आवाज आला. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी आधी कधी बघितलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा श्वास भरून घेतला.

आणि मागच्या रांगेतून बाबल म्हणाला, "व्हय म्हाराजा."