चार बोटं दूर

आमच्या लॅबमध्ये काचेचा एक उंच नळा आहे. त्याच्या तळाशी वाळूसारखे बारीक मणी बसलेले असतात. खालून पाणी सोडलं की ते उठतात, फुलतात, तरंगायला लागतात. नळ्याचं जाळीचं झाकण आतल्या आत वरखाली सरकवता येतं. काल मी ते वर घ्यायला विसरले आणि मणी उठले ते थेट झाकणाच्या जाळीला जाऊन चिकटले.

आमच्या जुन्या टेक्निशियन नलूताई हसल्या. “अहो मॅडम, त्यांना उठायला जागा नको का?”

त्यांनी झाकण हळूहळू वर घेतलं आणि मण्यांपासून चार बोटांवर थांबवलं. पुढे पाणी बंद केल्यावर मणी खाली बसायला लागले, तसं नलूताई झाकणही त्यांच्या मागोमाग उतरवत राहिल्या. नजर अशी, जणू गॅसवर दूध ठेवलंय.

मला हॉस्टेलवरची माझी लेक आठवली. मी तिला दिवसातून पाच फोन करते. पोचलीस का, जेवलीस का. “आई, मी करते ना गं,” ती म्हणते, आणि तेवढ्यात माझा सहावा जातो.

काल घरी आल्यावर फोन हातात घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला, चार बोटं दूर.

तिचा आला, तेव्हा पहिली रिंगसुद्धा पुरी होऊ दिली नाही मी.