यानातल्या संगणकाचं कव्हर

प्रेमलाताईंना मी ओळखत होतो, असं म्हणायचा मला धीर होत नाही. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. त्या ब्लाउज शिवायच्या आणि जिन्यात भेटल्या की "बरं आहे ना?" विचारायच्या, एवढंच. तरी त्या रविवारबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

सकाळी त्यांना घेऊन त्यांची नात ऋतुजा माझ्याकडे आली. "आजोबा, तुमचा टीव्ही मोठा आहे. आजीची मालिका लावू?"

अंतराळयानाची एक जुनी मालिका कुणीतरी इंटरनेटवर टाकली होती. कात्रजच्या एका शेडमध्ये तिचं चित्रीकरण झालं, तिथलं शिवणकाम आपण केलं, असं प्रेमलाताई घरी सांगत आल्या होत्या. मालिकेच्या नामावलीत त्यांचं नाव नव्हतं. घरचे हसण्यावारी न्यायचे. आज खरंखोटं कळणार होतं. प्रेमलाताई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

पडद्यावर साल दोन हजार पंचवीस. यान मंगळाकडे निघालेलं आणि साडीतल्या शास्त्रज्ञ बाई सगळ्यांना थर्मासमधून चहा देत होत्या.

"मंगळावर जातानाही चहा बाईनेच द्यायचा?" ऋतुजा म्हणाली. ती हिंजवडीत नोकरी करते.

"तेव्हा खाली पृथ्वीवर कोण देत होतं?" प्रेमलाताई म्हणाल्या. "आज आगाश्यांनी केलाय, तो पी मुकाट्यानं." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मग यानाचा संगणक दिसला आणि मी उठून उभाच राहिलो. त्यावर चक्क निळ्या फुलांचं, झालरीचं कव्हर!

"हे माझं," त्या हळूच म्हणाल्या. "रात्री धूळ बसू नये म्हणून घातलं. सकाळी काढायचं राहिलं."

"आणि कुणालाच दिसलं नाही?" मी विचारलं.

"कसं दिसेल? प्रत्येकाच्या घरी टीव्हीवर तसलंच कव्हर होतं."

चाळीस वर्षं पुढचं जग दाखवायला निघालेली माणसं आपला दिवाणखानाच वर घेऊन गेली होती.

ऋतुजा धावत घरी गेली आणि आजीच्या शिलाई मशीनवरचं कव्हर घेऊन आली. उरलेल्या कापडाचं. विटलेलं, पण फुलं तीच, झालर तीच. तिने ते पडद्याशेजारी धरलं. मग आम्ही त्यांच्या मुलाला, रणजितला, बोलावून तेवढाच भाग पुन्हा लावला.

"आई, खरंच की," तो म्हणाला.

"मग? इतकी वर्षं काय थापा मारत होते?"

महिन्याभरात त्या गेल्या. त्याआधी एकदा जिन्यात थांबल्या आणि माझ्या उघड्या दारातून आत बघत म्हणाल्या, "अहो आगाशे, टीव्हीवर धूळ बसलीय. माप देऊन ठेवा."

"देतो," मी म्हणालो.