दिलेलं नाव

माझ्या आत्याबाईनं अमरावती-अकोल्याकडच्या जितक्या लेकरांना जन्मभराचा ताप दिला, तितका गणिताच्या मास्तरांनीही दिला नसेल. बारशाला पाळण्यात वाकून लेकराच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आमची आत्याबाई तो मान सख्ख्या भाच्यांवर थांबवायची नाही, चुलत, मावस, शेजारपाजार, सगळीकडे वसूल करायची. बडनेऱ्याहून पहिल्या गाडीनं यायची, पायावर पाणी घ्यायची आणि थेट पाळण्याकडे. मग घरच्यांनी काय ठरवलं होतं, ते ठरवल्या जागीच राहायचं. मी थंडीत जन्मलो, तेव्हा तुरीवर दव पडलं होतं, म्हणून मी दहिवर. शाळेनं त्याचा दहीवडा केला, तो वेगळा. अकोल्याच्या बँकेत अजूनही विचारतात, आडनाव कळलं साहेब, आता नाव सांगा. शेंदूरजनाघाटच्या चुलतबहिणीच्या वेळी संत्र्याला आंबिया बहार होता, तर तिचं नाव आंबिया. चुलतभाऊ हरभऱ्याच्या दिवसांतला, म्हणून तो टहाळ. हा टहाळ पुढे पोलिसात गेला, दाराएवढा रुंद झाला, आणि शिपाई त्याला टहाळसाहेब म्हणताना खाली बघतात. कोणी कुरकुर केली की आत्याबाईचं उत्तर ठरलेलं. "भर बजारात हाक मारली, त आपलंच लेकरू वळलं पायजे."

मला बहीण नाही. त्यामुळे माझ्या मुलीच्या बारशाचा मानही आत्याबाईचाच. माझी बायको अकोल्याची, दहिवरसोबत संसार करून पोळलेली. तिनं आधीच बजावलं, पोरीचं नाव राधा, साधं, सरळ, कोणाला समजावून सांगावं लागणार नाही असं. मी आत्याबाईला फोन केला.  ती म्हणाली, ते सोडून कोणतंही सांग, आणि फोन ठेवला. घरात महाभारत झालं. सासरे म्हणाले, म्हातारीचा हट्ट किती पुरवायचा, नाव आईबापानं ठेवावं. मलाही ते पटलं, आणि तणतणत मी बडनेरा गाठलं.

ओसरीत बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, आत्याबाई, साध्या नावाला नाही कावून म्हणून राहिली?

"ते दिलेलं हाय, बापू."

कोणाला दिलं? आमच्या अख्ख्या गोतावळ्यात राधा नाही. कशी असेल, नावं ठेवणारी हीच. मी तसं म्हणालोही. मग तिनं सूप बाजूला सरकवलं आणि सांगितलं. तिला एक मुलगी झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं. बारशाच्या आधीच गेली. लोकांनी नेऊन पुरली आणि हिला समजावलं, नाव नसलेल्या लेकराचं रडू नये बाई, ते आपलं नसतंच. तिचे यजमान, आमचे फुपाजी, रेल्वेच्या ड्यूटीवर गेले, सासू रांधायला लागली, आणि विषय संपला. पुढे लेकरू झालं नाही.

"पण मी बारशाची वाट पायलीच नव्हती," ती म्हणाली. "जन्मली त्याच दिवशी तिच्या कानात सांगतलं होतं. मान नणंदेचा होता, म्हणून कोणाले बोललो नाही. बजारात कोणी राधा म्हणून हाक मारली, का अजून मीच वळून पायतो."

 मी सूप मधे ओढून तिच्याबरोबर शेंगा सोलत बसलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती बराच वेळ पोरीला थोपटत राहिली, मग म्हणाली, आत्याबाईंनाच विचारा काय ठेवायचं ते. माझ्या मुलीचं नाव झुळूक आहे. तीही आता शाळेतून रडत येते. रडेल थोडे दिवस.

आत्याबाई मागच्या हिवाळ्यात गेली. तिच्या पाठीमागे कोणी नव्हतं, दहाव्याला नदीवर मीच बसलो. गुरुजींनी पाणी सोडायला एकेक नाव विचारलं. फुपाजींचं सांगितलं, सासू-सासऱ्यांचं सांगितलं.

"आणखी कोणी?"

मी म्हटलं, राधा, आत्याबाईची मुलगी. बारशाआधी गेलेली. गुरुजी चांगले होते, हळूच म्हणाले, एवढ्या लहान लेकराचं काही करत नाहीत, त्यांना नावच नसतं.

"हिला होतं," मी म्हटलं. "आईनं ठेवलं होतं."

 गुरुजींनी पळीत पाणी घेतलं आणि मोठ्यानं नाव घेतलं. मी मागं वळून पाहिलं.