शिरूर ते दौंड, वाटेवरची कमळं

मेहुण्याला मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे आमच्या मंगलचा. सासऱ्यांनी, आप्पांनी, फोनवर बजावलं, "कमलच ठेव. तुझ्या आईचं नाव हाय." मागोमाग भावजय सुनीताचा फोन, "ताई, कमल नको हो. पोरीला शाळेत काकू म्हणतील!" मंगलचा चेहरा उतरला. मी मात्र खूश. मोटार रिवाइंडिंगचं दुकान एक दिवस बंद ठेवायला निमित्त मिळालं.

रविवारी सकाळीच बाइक काढली. न्हावरे, केडगाव, चौफुला, दौंड, हाच रस्ता धरा. हंगामात उसाच्या ट्रॉल्या दिव्याशिवाय चालतात, तेव्हा अंधार टाळा.

"कमळाला नावं थोडी आहेत का? शोधू!" मी मागे वळून ओरडलो. आणि काय सांगू! पंकज सायकल मार्ट, सरोज टेलर्स, नीरज हेअर कटिंग, अरविंद कृषी सेवा केंद्र. पाटी दिसली की मंगलची माझ्या पाठीत बुक्की. "हेपण कमळच!" हॉटेल कमलमध्ये मिसळ खाल्ली, पन्नास रुपयांत डोळ्यांतून पाणी. मालकाला विचारलं, "मामा, खरं कमळ कुठं बघायला मिळंल?"

"बोर्डावर हाय की! आनखी कुठं पायजे?"

केडगावात 'मृणाल ब्युटी पार्लर' दिसलं. मंगल उतरून आत गेली, बाहेर आली ती हसतच. विचारलं तर सांगेना.

दौंडला पाळणा सजला होता. मंगल वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. "मृणाल!"

सुनीताचा चेहरा फुलला. आप्पा ताठ. "म्हंजी काय?"

"कमळाचा देठ, आप्पा."

"देठ ठिवला आन् फूल गाळलं व्हय?" म्हणत ते उठून ओट्यावर गेले. घुगऱ्यासुद्धा खाल्ल्या नाहीत.

परतीला पाट्या त्याच होत्या, पण बुक्की एकही पडली नाही.

या गोष्टीला आता तीन-चार महिने झाले. परवा सुनीताचा फोन आला, तर मागून आप्पांचा आवाज, "कमे, ए कमे, हिकडं बघ की!"

मंगलने भीत भीत विचारलं, "तुला चालतं गं?"

"न चालून काय करू, ताई? मी मृणाल म्हणते तर ढुंकून बघत नाही. आप्पांनी हाक मारली की मान वळवते, वर हसते!"

मंगलने फोन ठेवला आणि माझ्या पाठीत सणसणीत बुक्की घातली.